मानेचा ओळंबा : निदानापासूनचे चौदा महिने

७ जानेवारी २०२५ रोजी मिरजेतील एका खासगी रुग्णालयात माझ्या मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया झाली आणि गेल्या आठवड्यात तिच्या वर्षपूर्तीची तपासणीही पार पडली. शस्त्रक्रिया ठरली तेव्हा यातून गेलेल्या कोणाचे तरी मराठीत लिहिलेले वाचायला मिळावे म्हणून मी बरेच शोधले होते. जे हाती लागले त्यात एक तर मानेचे व्यायाम होते, नाही तर ‘मणक्याचे ऑपरेशन कधीही करू नका’ असे सल्ले होते. एमआरआयची मोठी पिशवी मांडीवर घेऊन डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला पुढच्या दिवसांचा थोडा अंदाज यावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. इथे लिहिलेले सगळे माझ्या मानेपुरते आहे, आणि प्रत्येकाच्या मानेचे दुखणे वेगळे असते, हेही मी याच काळात शिकले.

मी तासगावच्या एका पतसंस्थेत रोखपाल आहे. वय चौपन्न. २०२४ च्या मार्चअखेरीस कामाची घाई असताना पहिल्यांदा लक्षात आले की नोटा मोजताना बोटांखालून दोन-दोन नोटा एकदम सरकत आहेत. शंभर नोटांची गड्डी मी पाऊण मिनिटात मोजत असे. आता तीच गड्डी दोनदा-तीनदा मोजावी लागू लागली. मान फारशी दुखत नव्हती आणि त्यामुळेच कोणाचे लक्ष मानेकडे गेले नाही. मे महिन्यात माझ्या स्वतःच्या बँक खात्याचा धनादेश ‘स्वाक्षरी जुळत नाही’ असा शेरा मारून परत आला. मी सही नीट निरखून पाहिली. आडनावाचा शेवटचा फराटा, जो वीस वर्षे एका झटक्यात उमटत होता, तो तीन तुकड्यांत उमटला होता.

जूनमध्ये एका अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. हातांना मुंग्या येतात म्हटल्यावर त्यांनी मनगटात नस दबल्याची शंका व्यक्त केली आणि नसांची तपासणी करायला सांगितली. त्या तपासणीला तीन हजार रुपये लागले. अहवालात मनगटाच्या नसेत किरकोळ दोष दिसला, म्हणून रात्री बांधायचा मनगटाचा पट्टा आणि बी-१२ ची दहा इंजेक्शने सुरू झाली. यात पाच महिने गेले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, कारण तपासणीत खरोखरच काही तरी निघाले होते. पण पाय जड वाटतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, नवरात्रात साडीच्या निऱ्या घालताना बोटांतून निऱ्या निसटत राहिल्या, या गोष्टी मी त्यांना सांगितल्याच नाहीत. हात आणि पाय यांची तक्रार एकच असू शकते, हे मला ठाऊक नव्हते. ज्यांच्या हातांबरोबर चालही बिघडली आहे त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच डॉक्टरांना, आपणहून सांगाव्यात, असे मला आज कळकळीने वाटते.

दिवाळीत घराच्या पायरीवर तोल जाऊन पडले, खांदा आखडला आणि त्यासाठी १८ नोव्हेंबरला सांगलीत एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. तिने खांद्याला हात लावण्याआधी म्हटले, “काकू, या फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालून दाखवा बरं.” मला चार पावलेही टाकता आली नाहीत. मग दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ उघडायला आणि मिटायला लावली. निरोगी माणसाची मूठ वीस वेळा तरी उघडते-मिटते. माझी अकरा वेळा झाली. शेवटी तिने माझ्या मधल्या बोटाचे नख हलकेच खाली दाबून झटकन सोडले, तर माझा अंगठा आपोआप आत वळला. तिने दोनदा तसे करून पाहिले, खांद्यावर शेक वगैरे काहीही न करता माझ्याकडून पैसे घ्यायचे नाकारले आणि एका कागदावर लिहून दिले की मानेचा एमआरआय करून मणक्याच्या शल्यचिकित्सकांना याच आठवड्यात दाखवावे. तो कागद मी फाइलच्या पहिल्या पानावर लावून ठेवला आहे.

२१ नोव्हेंबरला सहा हजार पाचशे रुपये भरून एमआरआय केला. आमच्याकडे मानेचे काहीही झाले की ‘मणक्यात गॅप पडलाय’ एवढे एकच निदान सगळ्यांच्या तोंडी असते, पण माझ्या अहवालात त्याहून जास्त काही होते. चौथ्या ते सातव्या मणक्यांच्या दरम्यान तीन ठिकाणी गाद्या आणि हाडाचे काटे मागे सरकून मज्जारज्जूवर दाबले गेले होते, आणि एका ठिकाणी मज्जारज्जूच्या आत पांढरा डाग दिसत होता. मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून हातापायांकडे जाणारी मुख्य दोरी. एखादी नस दबली तर एका हातात कळ येते. ही दोरी दबली तर हात, पाय, तोल, लघवीवरचा ताबा, सगळेच हळूहळू ढिले पडते आणि दुखत मात्र फार नाही.

२५ नोव्हेंबरला मिरजेत शल्यचिकित्सकांना भेटले. तपासणी शुल्क आठशे रुपये. त्यांनी अठरा गुणांची एक प्रश्नावली भरून घेतली. बटणे लावता येतात का, चमच्याने जेवता येते का, आधाराशिवाय चालता येते का, लघवीला घाई होते का, असे त्यातले प्रश्न होते. मला बारा गुण मिळाले. पंधरा ते सतरा सौम्य, बारा ते चौदा मध्यम आणि अकरा किंवा त्याखाली तीव्र, अशी त्याची वर्गवारी आहे, आणि मध्यम व तीव्र अवस्थेत शस्त्रक्रिया करावी अशी २०१७ पासूनची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, हे त्यांनी शांतपणे सांगितले. “ऑपरेशनने आजार पुढे जायचा थांबेल. गेलेले किती परत येईल, हे मी आज सांगू शकत नाही,” या त्यांच्या दोन वाक्यांनी मी त्या वेळी खचले होते. आज मागे वळून पाहताना, इतके स्वच्छ सांगणारे डॉक्टर भेटले हे माझे भाग्य वाटते.

त्यानंतर जे घडले ते मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे. मला वाटले होते की एमआरआय झाला म्हणजे सगळे दिसले. डॉक्टरांनी मात्र साधे एक्स-रे मागवले : उभे राहून बाजूने, मान पुढे वाकवून आणि मान मागे नेऊन. तीन फिल्मचे बाराशे रुपये झाले. एमआरआय आडवे झोपवून काढतात, त्यामुळे डोक्याचा भार पेलताना मान कशी उभी राहते हे त्यात दिसत नाही. ते उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसते. डोक्याचे वजन साधारण पाच किलो धरतात. ते पेलता यावे म्हणून निरोगी मानेला बाजूने पाहिले तर मागच्या अंगाला आत गेलेला बाक असतो. माझ्या मानेचा तो बाक नाहीसा होऊन आठ अंशांनी उलटा झाला होता, म्हणजे मान मधोमध मागे फुगली होती आणि डोके खांद्यांच्या पुढे आले होते.

डॉक्टरांनी पडद्यावर वरच्या, दुसऱ्या मणक्याच्या मध्यातून एक सरळ रेघ खाली सोडली आणि ती सातव्या मणक्याच्या मागच्या कोपऱ्यापासून किती पुढे पडते ते मोजले. माझे वडील गवंडी होते. भिंत चढवताना दर दोन थरांनी ते ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, सोडून पाहत आणि दोरी बोटभर जरी बाजूला गेली तरी वीट काढायला लावत. ती रेघ पाहताच मी म्हणाले, “डॉक्टर, हा ओळंबा आहे.” ते म्हणाले, “अगदी तोच. तो चाळीस मिलिमीटरच्या पुढे गेला की मानेला जड जातं. तुमचा बेचाळीस आहे.” त्या क्षणापासून माझी भीती थोडी आवाक्यात आली. भिंत कलल्यावर काय करतात, हे मी लहानपणापासून पाहिले होते.

शस्त्रक्रिया मानेच्या पुढून करायची की मागून, हे याच ओळंब्यावर आणि बाकावर ठरले. मागून मणक्यांच्या कमानी काढल्या किंवा उघडल्या तर मज्जारज्जूला मागे सरकायला जागा मिळते. पण ती मागे सरकण्यासाठी मानेचा बाक मुळात नीट असावा लागतो. माझ्यासारखी उलटी मान असेल तर विहिरीच्या काठावर ताणून धरलेल्या दोरासारखी मज्जारज्जू पुढच्या हाडांवर तशीच ताणलेली राहते. शिवाय मागचे स्नायू सोडवून, कमानी काढून, कोणताही आधार न देता मान तशीच ठेवली तर ती पुढे आणखी झुकण्याचा धोका असतो. मान मागे नेलेल्या एक्स-रेमध्ये माझा बाक बऱ्यापैकी परत येत होता, म्हणजे मान अजून कडक झाली नव्हती. म्हणून पुढून जाऊन तीन गाद्या काढायच्या, मज्जारज्जूवरचा दाब सोडवायचा, त्या जागी पाचरीच्या आकाराचे ठोकळे बसवून बाक पुन्हा आणायचा आणि पुढून टायटॅनियमची पट्टी लावायची, असे ठरले. साडेसहा हजारांच्या एमआरआयने शस्त्रक्रिया हवी हे सांगितले. कोणती हवी हे बाराशे रुपयांच्या एक्स-रेने सांगितले. आपल्या फाइलमध्ये उभ्याने काढलेला एक्स-रे आहे का आणि त्यात मानेचा बाक किती आहे, हे प्रत्येकाने विचारावे.

दुसरे मत घेण्यासाठी ४ डिसेंबरला पुण्याला गेलो. जाताना रेल्वेने गेलो, कारण एसटीचे धक्के बसू देऊ नका असे बजावले होते. तिथल्या डॉक्टरांनीही पुढूनच करावी असे सांगितल्यावर मन स्थिर झाले. आमचे हे मात्र त्या दिवशी परतीच्या प्रवासात एक शब्दही बोलले नाहीत. मिरज स्थानकावर उतरताना त्यांनी माझी पिशवी घेतली आणि माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण ती लिहिली नाही तर हे लेखन अपुरे राहील. पहिल्या भेटीत ‘तंबाखू?’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिले होते. भूलतज्ज्ञ मॅडमनी मात्र नेमके विचारले, “ताई, मिशरी लावता का?” मी तीस वर्षे सकाळ-संध्याकाळ मिशरी लावत होते आणि आमच्या भागातल्या कितीतरी बायकांप्रमाणे मीही तिला तंबाखू समजत नव्हते. ती तंबाखूच असते. तिच्यातल्या निकोटिनमुळे हाडाला रक्तपुरवठा कमी होतो आणि ठोकळ्यांच्या जागी हाड जुळून यायला अडथळा येतो. त्याच दिवशी मिशरीचा डबा सूनबाईने घराबाहेर नेला. पहिले बारा दिवस डोके इतके दुखे की मी भिंतीला टेकून बसून राही. शस्त्रक्रियेपर्यंत सहा आठवडे झाले होते. आजपर्यंत पुन्हा हात लावलेला नाही.

विम्याची बाजू तपशिलाने सांगते, कारण आमची सगळ्यात जास्त धावपळ तिथे झाली. कुटुंबाची पाच लाखांची पॉलिसी पाचव्या वर्षात होती, म्हणून मणक्याच्या आजारांसाठी असलेला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ संपला होता. रुग्णालयाच्या विमा कक्षाने पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवला, त्यावर शंका आली : आजार नेमका कधीपासून? एका जुन्या चिठ्ठीवर कोणीतरी ‘दोन वर्षांपासून मुंग्या’ असे लिहिले होते, प्रत्यक्षात आठच महिने झाले होते. त्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचे पत्र आणण्यात चार दिवस गेले. आपल्या चिठ्ठीवर आजाराचा कालावधी काय लिहिला जातो ते दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी वाचून घ्यावे. दुसरे असे की माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज पाच हजार रुपये आहे. त्याहून महाग खोली घेतली असती तर फक्त भाड्यातला फरक भरून भागले नसते. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क यांतही त्याच प्रमाणात कपात झाली असती. म्हणून चार हजारांची दोन खाटांची खोली घेतली. रुग्णालयाने अंदाज तीन लाख चाळीस हजारांचा दिला होता.

६ जानेवारीला दाखल झाले. रक्त, छातीचा एक्स-रे, हृदयाची तपासणी आधीच झाली होती. रात्री संमतीपत्रावर सह्या करायच्या होत्या. त्यात अर्धांगवायू, आवाज बसणे, गिळायला त्रास, रक्तस्राव, हाड न जुळणे अशी यादी होती. माझ्या वाकड्या सहीकडे पाहून निवासी डॉक्टर म्हणाले, “सावकाश करा, काही घाई नाही.” त्या मुलाचा तो स्वर मला अजून आठवतो. मी एकेक ओळ वाचली आणि न कळलेले चार शब्द विचारले. त्याने खुर्ची ओढून चारही समजावून दिले.

सकाळी साडेसातला आत नेले. मान मागे वाकवायची नाही म्हणून भूल देताना बारीक दुर्बिणीच्या साहाय्याने श्वासनलिकेत नळी घालणार असल्याचे मॅडमनी आधी समजावले होते. हातापायांना आणि डोक्याला तारा लावल्या होत्या. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूतून संदेश जात आहेत ना, यावर त्यांतून लक्ष ठेवतात. पुढचे मला आठवते ते थेट दुपारी दीडचे. कोणीतरी म्हणत होते, “पायाची बोटं हलवा.” हलली. “हाताची?” तीही हलली. घसा लाकडासारखा कोरडा होता आणि पाणी मागायला आवाज निघत नव्हता.

पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत पहिल्या रात्री मानेत रक्त साठून किंवा सूज येऊन श्वास अडण्याची भीती असते, म्हणून ती रात्र अतिदक्षता विभागात काढली. दुसऱ्या दिवशी जखमेतले रक्त बाहेर काढणारी मानेतली नळी काढली आणि दुपारी दोघींनी धरून मला दहा पावले चालवले. जखम उजव्या बाजूला, गळ्याच्या वळीत, जेमतेम सहा सेंटिमीटरची. तिच्या वेदना फारशा नव्हत्या. त्रास झाला तो गिळण्याचा. पाण्याचा घोटही छातीत अडकल्यासारखा वाटे. पेज, ताकातला मऊ भात, गाळलेले वरण, हे ताठ बसून, अर्ध्या-अर्ध्या चमच्याने, असे पहिले दहा दिवस. ठसका लागला की घरचे घाबरत. सुरुवातीच्या आठवड्यांत असे होते आणि हळूहळू ओसरते, हे आधी कळले असते तर आम्ही कमी घाबरलो असतो. आवाज घोगरा झाला होता, तो पाचव्या आठवड्यात सुटला.

चौथ्या दिवशी एक्स-रेसाठी उभे केले. उलट्या आठ अंशांच्या जागी आता सरळ बाजूला बारा अंशांचा बाक होता आणि ओळंबा बेचाळीसवरून सत्तावीस मिलिमीटरवर आला होता. पट्टी आणि स्क्रू पांढरे स्वच्छ दिसत होते. मी तो एक्स-रे बराच वेळ पाहत बसले. वडील असते तर त्यांना दाखवला असता.

११ जानेवारीला घरी सोडले. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी. आमची सहा तासांनी आली, आणि ते सहा तास मानेला पट्टा लावून खुर्चीत बसणे मला फार जड गेले. मंजुरी येईपर्यंत खाट सोडू नये, पडून राहायचे आहे असे स्पष्ट सांगावे. एकूण बिल तीन लाख अठ्ठावन्न हजारांचे झाले; त्यातले एक लाख बारा हजार ठोकळे, पट्टी आणि स्क्रूचे. कंपनीने तीन लाख एकतीस हजार दिले आणि सत्तावीस हजार आम्ही भरले. हातमोजे, कापूस, फाइलचे शुल्क अशा न मिळणाऱ्या गोष्टी त्यात होत्या आणि अठराशे पन्नास रुपयांचा मानेचा पट्टाही होता, कारण तोही देय नसलेल्या वस्तूंच्या यादीत येतो. बसवलेल्या साहित्याच्या वेष्टनावरची चिकटपट्टी मूळ बिलाला लावलेली असते, तिची छायाप्रत आपल्याकडे ठेवावी. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आत कोणता धातू आहे हे तिच्यावरून सांगता येते.

पट्टा सहा आठवडे होता, जेवताना आणि झोपतानाही. आत सुती रुमालाची घडी घातली तर हनुवटीला घामोळे होत नाही. केस धुवायचे नाहीत, वाकायचे नाही, दोन किलोंपेक्षा जास्त उचलायचे नाही. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, त्याने हाड जुळायला उशीर होऊ शकतो, असे डॉक्टरांनी बजावले होते. भेटायला येणारे प्रेमाने येत, पण तासन्‌तास बसत. दुपारी एक ते चार दार बंद ठेवायचा निर्णय सूनबाईने घेतला आणि तिच्या त्या ठामपणाचे माझ्यावर उपकार आहेत.

१८ फेब्रुवारीला पट्टा निघाला आणि मान इतकी उघडी, हलकी आणि दुबळी वाटली की मला रडू आले. त्याच आठवड्यात मी पुन्हा त्या सांगलीच्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. तिने पहिल्याच दिवशी समजावले की ठोकळ्यांनी तीन सांध्यांचा बाक धरून ठेवला आहे, पण डोके खांद्यांवर आणून ठेवायचे काम स्नायूंचे आहे. उताणे झोपून हनुवटी हलकेच मागे घ्यायची आणि दहापर्यंत मोजायचे. खांद्याची पाती एकमेकींकडे ओढायची. भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. पाहणाऱ्याला व्यायाम वाटणारही नाहीत इतक्या बारीक हालचाली. एका बैठकीचे चारशे रुपये, आठवड्यातून तीनदा, दोन महिने. डॉक्टरांनी हा सल्ला लेखी दिलेला होता, म्हणून साठ दिवसांच्या आतली त्यातली बिले विम्यातून परत मिळाली. तोंडी सल्ल्यावर मिळाली नसती.

हातांसाठी तिने घरातल्याच वस्तू सांगितल्या : ताटातले मूग एकेक करून वाटीत टाकणे, ब्लाउजचे हुक न बघता लावणे, नाणी मुठीतून एकेक पुढे आणणे. माझ्यासाठी आमच्या ह्यांनी दहा रुपयांच्या शंभर कोऱ्या नोटांची गड्डी आणली. रोज संध्याकाळी मी मोजत असे आणि ते घड्याळ लावून वहीत वेळ लिहीत. फेब्रुवारीत पहिली नोंद दोन मिनिटे चाळीस सेकंदांची. अंगठ्याच्या पेरावर नोट आली की ती पुढे ढकलायचा संदेश बोटापर्यंत पोहोचायला क्षणभर उशीर होतो, हे मला आतून जाणवत असे. मार्चअखेर दोन मिनिटे. मग तीन आठवडे वेळ हललीच नाही.

त्याच सुमारास खांद्यांच्या पात्यांमध्ये जबर दुखू लागले आणि डाव्या हाताला पुन्हा मुंग्या आल्या. सगळे वाया गेले असे वाटून मी दोन रात्री झोपले नाही. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. पट्टी, स्क्रू, बाक, सारे जागच्या जागी होते. दिवसभर घरात बसून मी मांडीवर मोबाइल ठेवून मान खाली घालून पाहत होते, एवढेच कारण निघाले. जुळवलेल्या तीन सांध्यांत हालचाल राहिलेली नाही, त्यामुळे मान वाकवली की सगळा ताण वरच्या आणि खालच्या सांध्यांवर जातो. मोबाइल तेव्हापासून डोळ्यांसमोर धरते. ८ एप्रिलच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले की सुधारणा पायऱ्या-पायऱ्यांनी येते आणि पहिले सहा महिने ती सर्वांत जास्त असते. नंतरही ती वर्षभर थोडी-थोडी चालू राहू शकते.

२१ एप्रिलला कामावर परतले. साडेतीन महिन्यांपैकी दोन महिने अर्जित रजा होती, उरलेले बिनपगारी गेले. हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. संचालकांना वैद्यकीय प्रमाणपत्रासोबत एक अर्ज दिला की संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर यावा आणि रोख मोजायचे टेबल उंच करावे. पडद्याखाली जुनी दोन खतावणी रजिस्टरे ठेवली, टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले. दर अर्ध्या तासाने उठून उभी राहते. नोटा मोजायचे यंत्र आधीपासून होतेच, आता मी ते संकोच न करता वापरते.

वर्षाच्या तपासणीत, या जानेवारीत, तिन्ही ठिकाणी हाड जुळल्याचे दिसले. बाक अकरा अंश आहे, ओळंबा अठ्ठावीसवर. अठरापैकी पंधरा गुण झाले. मूठ दहा सेकंदांत सतरा वेळा मिटते. गड्डीला एक मिनिट दहा सेकंद लागतात आणि पाऊण मिनिट पुन्हा येईल असे मला आता वाटत नाही. डाव्या पायाचा जडपणा राहिला आहे. अंधारात जिना उतरताना आजही कठडा धरते. एमआरआयमधला तो पांढरा डाग तसाच आहे. जूनमध्येच निदान झाले असते तर यातले किती वाचले असते, हा विचार येतो तेव्हा मी फाइल उघडून त्या मुलीने लिहिलेला कागद पाहते. वरखालच्या सांध्यांवर ताण येतो म्हणून आता दरवर्षी एक उभा एक्स-रे काढायचा आहे.

सही मात्र पहिल्यासारखी झाली नाही. फराटा आता लहान आणि सावकाश येतो. वर्षभर धनादेश वापरणे मी टाळले होते. मागच्या सोमवारी बँकेत जाऊन नमुना स्वाक्षरी बदलण्याचा अर्ज भरला, आधार व पॅन कार्डाच्या प्रती जोडल्या आणि अधिकाऱ्यांसमोर तीन रकान्यांत तीन सह्या केल्या. त्यांनी तिन्ही एकमेकींशी ताडून पाहिल्या, शिक्का मारला आणि दोन दिवसांनी धनादेश वापरा असे सांगितले.